सिझरनंतरचे दुखणे: सोसायचे की विचारायचे?

"पोट कापलंय, दुखणारच. सोस जरा." सिझर झालेल्या बाईला पहिल्या रात्री हे वाक्य हमखास ऐकावे लागते. सासू म्हणते, आई म्हणते, शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. त्यांनीही असेच सोसलेले असते. नागोठणे परिसरातल्या बौद्धवाड्यांत मी बाळंतिणींना भेटायला जाते, तेव्हा बाळ किती किलोचे, दूध उतरले का, हे सगळे सांगून होते. पहिल्या रात्रीबद्दल मात्र बाई स्वतःहून बोलत नाही. विचारले तर म्हणते, "ती रात्र नको आठवायला, ताई."

माझे मत सुरुवातीलाच सांगते. सिझरनंतर दुखते हे खरे, पण इतके दुखलेच पाहिजे हे खरे नाही. पाठीत भूल देताना त्याच सुईतून, भुलीच्या औषधात मिसळून, अफूच्या जातीचे एक औषध अगदी थेंबभर देता येते. त्याने ऑपरेशन चालू असतानाचा त्रास कमी होतो आणि औषध कोणते निवडले त्यानुसार पुढचे काही तास, कधी जवळजवळ पूर्ण दिवस आराम मिळतो. जगभरात हे अनेक वर्षे चालू आहे, आपल्या देशातही मोठ्या रुग्णालयांत चालू आहे. आपल्या घरांतल्या बायकांनी हे औषध माहीत करून घ्यावे, त्याबद्दल विचारावे, आणि विचारताना औषधाबरोबर आणखी एका गोष्टीचा आग्रह धरावा, ती म्हणजे रात्रीच्या देखरेखीचा. या दुसऱ्या गोष्टीशिवाय पहिली मागणे मला धोक्याचे वाटते. ते का, ते पुढे येईलच.

आपल्याकडची वाट सगळ्यांना पाठ आहे. तपासण्या, लोहाच्या गोळ्या, आशाताईंच्या खेपा हे सगळे इथेच होते. पण सिझर प्राथमिक आरोग्य केंद्रात होत नाही. कळा अडल्या, बाळाचे ठोके कमी झाले, बाईचा रक्तदाब चढला, की गाडी काढायची आणि पेण, रोहा नाहीतर अलिबाग गाठायचे. कुणी दागिना गहाण टाकून खाजगी नर्सिंग होममध्ये जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात दर १०० बाळंतपणांपैकी साधारण २१ सिझरने झालेली आढळली. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४ च्या आसपास आणि खाजगीत ४७ च्या वर. खाजगीत इतकी सिझर का होतात हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवे. आज एवढेच लक्षात घेऊ की सिझर ही आता विरळ गोष्ट राहिलेली नाही. वाडीत चार बाळंतिणी असतील तर त्यांतल्या एकीच्या पोटावर टाके असतात.

आता ही भूल नेमकी असते काय? बाईला टेबलावर पाठ वाकवून बसवतात किंवा कुशीवर वळवतात. कमरेच्या मणक्यांमधून एक बारीक सुई आत जाते. मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो, त्यात औषध सोडतात. बहुतेक ठिकाणी हे औषध ब्युपिव्हॅकेन असते, डॉक्टर त्याला बोलण्यात 'हेवी' म्हणतात, कारण ते त्या द्रवापेक्षा जड असते आणि खाली बसते. साधारण २ मिलिलिटर पुरते. काही मिनिटांत पाय गरम आणि जड होतात, छातीखालचा भाग बधिर होतो. बाई जागी असते, बाळाचे पहिले रडणे तिला ऐकू येते. जर्मनीतल्या ऑगस्ट बिअर या डॉक्टरने १८९८ मध्ये ही पद्धत रुळवली. त्याने आणि त्याच्या सहायकाने ती एकमेकांवरही करून पाहिली आणि नंतर डोकेदुखीने हैराण झाले. ती डोकेदुखी आजही काही बायकांना होते. उठून बसल्यावर वाढते, आडवे झाल्यावर कमी होते. तशी झाली तर अंगावर काढू नये, डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपाय आहे.

एक समज इथेच बाजूला ठेवू. "पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची जाते" असे आपल्याकडे घरोघर म्हणतात. सुई टोचली तिथे काही दिवस ठणकते, हे होते. पण वर्षानुवर्षे राहणारी कंबरदुखी या सुईमुळे होते असे अभ्यासांतून दिसलेले नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती गरोदरपणात ताणलेल्या सांध्यांमुळे, वाकून पाजण्यामुळे आणि सव्वा महिना पुरा व्हायच्या आत हंडे उचलण्यामुळे.

हेवी औषध बधिरपणा आणते, पण त्यात दोन उणिवा आहेत. एक, चिरा दिलेला कळत नसला तरी गर्भाशय बाहेर ओढतात तेव्हा आत खेचल्यासारखे होते, मळमळते, छातीत दाटून येते. पुष्कळ जणी हे सांगतात आणि त्यांना वाटते की भूल लागलीच नव्हती. दुसरी उणीव जास्त मोठी. दीड-दोन तासांनी भूल उतरू लागते, पायांत मुंग्या येतात आणि मग जखम एकदम जागी होते. नेमक्या त्याच वेळी बाळ भुकेले असते.

अफूच्या जातीचे औषध या दोन्ही ठिकाणी कामी येते. वेदनेचा निरोप शरीराकडून मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एका टप्प्यावर थांबतो. तिथेच हे औषध त्याला अडवते. औषध थेट त्या जागी पोहोचत असल्याने मात्रा अगदी थोडी लागते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांना अशा प्रकारे मॉर्फीन देऊन वेदना थांबवल्याचे १९७९ मध्ये प्रसिद्ध केले आणि तेथून हा मार्ग जगभर पसरला.

आपल्याला दोन नावे माहीत असली तर पुरे. पहिले फेंटानिल. ते लवकर चढते आणि लवकर उतरते. साधारण १० ते २५ मायक्रोग्रॅम देतात. ऑपरेशनमधले ते आतले खेचणे, ती मळमळ याने बरीच कमी होते आणि भूल उतरतानाचे पहिले काही तास सुसह्य होतात. दुसरे मॉर्फीन. हे हळू चढते, तास-दीड तास घेते, पण १२ ते २४ तास काम करते. हल्लीच्या शिफारशी ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या आहेत, काही ठिकाणी १५० पर्यंत देतात. आपल्याकडे काही भूलतज्ज्ञ या दोघांऐवजी ब्युप्रेनॉर्फिन नावाचे औषधही वापरतात.

१०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? मोहरीचा एक दाणा साधारण २ मिलिग्रॅमचा असतो. त्या दाण्याचे वीस भाग केले तर त्यांतला एक भाग. हेच मॉर्फीन शिरेतून द्यायचे झाले तर एका वेळी ५ ते १० मिलिग्रॅम लागते, म्हणजे ५० ते १०० पट जास्त.

तरीही 'अफू' हा शब्द कानावर पडला की आपल्या म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. या भीतीला मी हसणार नाही, कारण तिच्यामागे इतिहास आहे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या घरांतून तो आपल्यापर्यंत आला आहे. गिरणीत काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून झोपवत आणि पाळीला जात. तिला बाळागोळी म्हणत. रजा नाही, पगाराची खात्री नाही, मुलाला सांभाळायला कुणी नाही, मग दुसरे काय करणार? किती मुले त्या गुंगीत कुपोषित झाली, किती दगावली. त्याच काळात, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे आणि भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळागोळीवरचे खरे औषध ते होते. आईला आराम द्या म्हणजे मुलाला अफू द्यावी लागणार नाही.

म्हणून आजीबाईंना मी सांगते, तुमची भीती बाळागोळीची आहे आणि ती रास्तच होती. पण ती अफू रोज, अंदाजाने, पोराच्या तोंडात जात होती. ही एकदाच, मोजून, आईच्या पाठीत जाते. एका वेळच्या अशा मात्रेने व्यसन लागत नाही. आईच्या दुधात तिचा अंश इतका थोडा उतरतो की बाळाला अंगावर पाजायला कुठलीच अडचण नाही. उलट आईला उठून बसता आले तर बाळ लवकर छातीला लागते.

मोबाईलवर अमेरिकेत फेंटानिलने माणसे मरतात अशा चित्रफिती फिरतात, त्या पाहून एका तरुण नवऱ्याने मला विचारले होते की हेच का ते? औषध तेच, पण तिकडचे मृत्यू प्रामुख्याने चोरट्या बाजारातल्या, कुठल्याही मापाशिवाय मिसळलेल्या भुकटीचे आहेत. भूल देणारे डॉक्टर वापरतात ती काचेची कुपी २ मिलिलिटरची असते, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम असतात आणि त्यातला फार तर चौथा हिस्सा पाठीत जातो.

आणखी एक शंका विहारातल्या बैठकीत एका ज्येष्ठ उपासिकेने काढली. पाचव्या शीलाचे काय? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. हे शील बेहोशी आणि बेपर्वाई आणणाऱ्या नशेपासून दूर राहण्याचे आहे, औषधापासून नव्हे. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात वाताने आजारी असलेल्या भिक्खूसाठी तेलात मद्य घालून काढा करण्याची परवानगी भगवंतांनी दिल्याचे येते. मग काही भिक्खूंनी त्यात भरपूर मद्य ओतले आणि त्यांना नशा झाली, तेव्हा मर्यादा घातली गेली: मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही इतकेच घालावे. आजारासाठी, मोजून, गरजेपुरते. आजचा भूलतज्ज्ञ सिरिंजवर याच मोजमापाची काळजी घेतो.

आता त्रासाची बाजू. ती लपवून ठेवली तर पहिल्याच बाईला खाज सुटली की सगळी वाडी म्हणेल, औषध वाईट. खाज सुटतेच, विशेषतः मॉर्फीनने. नाक, गाल, मान, छाती खाजते. बाई नाक चोळत राहते आणि घरचे घाबरतात. कुणी म्हणते औषध अंगावर आले, कुणी म्हणते दृष्ट लागली, मीठ-मिरची ओवाळा. दृष्ट वगैरे काही नाही, हा औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. बहुतेक वेळा तो सौम्य असतो आणि काही तासांत जातो. फार झाला तर त्यावर इंजेक्शन आहे. मात्र खाजेबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर ती वेगळी गोष्ट, लगेच सिस्टरना बोलवावे. मळमळ आणि उलटी होऊ शकते. लघवी अडू शकते, पण सिझरनंतर पहिले काही तास नळी असतेच, त्यामुळे ते सहसा कळतही नाही.

खरी काळजी श्वासाची आहे. मॉर्फीन पाण्यात विरघळणारे असल्याने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बराच वेळ राहते आणि हळूहळू वर मेंदूकडे सरकते. मेंदूत श्वास चालवणारे केंद्र असते, तिथे ते जास्त पोहोचले तर श्वास मंद होतो. हे लगेच होत नाही, कित्येक तासांनी होऊ शकते. ठरलेल्या अल्प मात्रेत, निरोगी बाईच्या बाबतीत हे फार विरळ आहे. बाई खूप स्थूल असेल, झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकत असेल, झटक्यांसाठी मॅग्नेशियम चालू असेल किंवा कुणी नकळत झोपेचे नाहीतर दुसरे गुंगीचे इंजेक्शन वरून दिले असेल, तर धोका वाढतो.

मला या सगळ्या विषयाचे मर्म इथे दिसते. दुपारी चार वाजता सिझर झाले. तालुक्याच्या गावी भूल देणारे डॉक्टर बऱ्याचदा बोलावण्यावर येतात. भूल देतात, ऑपरेशन संपेपर्यंत थांबतात आणि पुढच्या ठिकाणी जातात, कारण तिथेही कुणीतरी टेबलावर झोपलेली असते. मॉर्फीनचा परिणाम मात्र रात्री दोन वाजता चालूच असतो. त्या वेळी वॉर्डात कोण आहे? एक सिस्टर, तिच्याकडे पंधरा-वीस खाटा, एक नवी बाळंतीण लेबर रूममध्ये ओरडते आहे. ती सिस्टर दर तासाला प्रत्येकीचा श्वास कसा मोजणार? दोष तिचा नाही. पण ज्या वॉर्डात रात्री कुणी पाहणारे नाही, तिथे "पाठीत मॉर्फीन द्याच" असा हट्ट मी कुणाला करायला सांगणार नाही. पुष्कळ भूलतज्ज्ञ तिथे मॉर्फीन टाळून फेंटानिलवर थांबतात. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण फेंटानिलचा परिणाम ते डॉक्टर जवळपास असतानाच बहुतांशी दिसून जातो.

दुसरे कारण मापाचे आहे. आपल्याकडे मॉर्फीनची कुपी साधारण १० किंवा १५ मिलिग्रॅमची मिळते. पाठीत द्यायचे १ मिलिग्रॅमचा दहावा भाग. म्हणजे ते पातळ करायचे, पुन्हा पातळ करायचे. घाईत एक शून्य चुकले की दहापट औषध. शिवाय पाठीत द्यायचे मॉर्फीन टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांशिवायचे असावे लागते आणि ते सगळीकडे मिळत नाही.

मिळत नाही याला कायदाही कारण आहे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा तस्करांसाठी केला, पण त्याच्या परवान्यांच्या जंजाळात रुग्णालयेही अडकली. मॉर्फीन ठेवायचे तर अनेक खात्यांच्या चकरा, नोंदवहीत चूक झाली तर तुरुंगाची धास्ती. त्यामुळे पुष्कळ छोट्या रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटानिल यांच्यासह सहा औषधे पुढे 'अत्यावश्यक' म्हणून अधिसूचित झाली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवण्याचा सोपा मार्ग मिळाला. कायदा बदलून दहा वर्षे उलटली तरी सवय बदललेली नाही. विचित्र गोष्ट अशी की मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत आणि औषधासाठी लागणारी अफू आपला देश परदेशी पाठवत आला आहे. तिकडच्या बाळंतिणीला तिचा उपयोग होतो. नागोठण्याच्या बाळंतिणीला मात्र "सोस".

हे "सोस" कुणाला सांगितले जाते याकडेही पाहायला हवे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. त्याआधी बाईने प्रसूतीच्या वेदना भोगाव्यात हीच देवाची इच्छा आहे, असे सांगणारे लोक तिकडे होते. राणीने घेतल्यावर देवाची इच्छा बदलली. आपल्याकडे आजही "कष्टाच्या बायका, यांना सहन होतं" असे म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते कौतुकच वाटते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या माणसांची कातडी जाड असते अशा खुळ्या समजुती त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात होत्या आणि असे मानणारे विद्यार्थी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरत होते. भात लावणाऱ्या, रेती वाहणाऱ्या, कंपनीच्या गेटवर कंत्राटी झाडलोट करणाऱ्या बाईच्या नसा काही वेगळ्या धातूच्या नसतात. ती ओरडत नाही, कारण ओरडले तर बोलणी बसतात हे तिला ठाऊक असते. गप्प राहिली म्हणून तिला दुखत नाही असे धरणे मला मान्य नाही.

आणि दुखणे नुसते सोसून संपत नाही. दुखते म्हणून बाई खोकत नाही, छातीत कफ साठतो. दुखते म्हणून चालत नाही, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुखते म्हणून बाळाला नीट धरता येत नाही आणि मग वरच्या दुधाची बाटली येते. काही जणींची जखमेची वेदना महिनोन्‌महिने राहते.

मग करायचे काय? सातव्या-आठव्या महिन्यात, घाई नसताना, तपासणीला जाल तेव्हा विचारा. "डॉक्टर, सिझर करायची वेळ आली तर भूल कोणती देता? नंतर दुखू नये म्हणून काय देता? रात्री कोण बघतं?" एवढे तीन प्रश्न पुरेत. उद्धटपणा त्यात काही नाही. आपल्या लेकीसुनेला हे विचारायची लाज वाटत असेल तर सासूने किंवा आशाताईंनी विचारावे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. दमा, मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, झोपेत घोरणे, आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः सांगा, केसपेपरवर असेलच असे धरून चालू नका.

पाठीत मॉर्फीन दिले असेल तर ते केसपेपरवर ठळक लिहिलेले हवे: किती मायक्रोग्रॅम, किती वाजता. पाळी बदलल्यावर येणाऱ्या सिस्टरला ते कळले पाहिजे, म्हणजे ती वरून दुसरे गुंगीचे इंजेक्शन देणार नाही. सोबत राहणाऱ्या बाईनेही डोळे उघडे ठेवावेत. छातीचे वर-खाली होणे पूर्ण एक मिनिट मोजायचे. माणूस साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. १० पेक्षा कमी झाले किंवा बाळंतीण हाक मारून, हलवूनही नीट जागी होत नसेल, तर "दमली असेल, झोपू दे" म्हणू नका. तिला जागे करा, सिस्टरना आणा. अशा वेळी द्यायचे उलट औषध, नॅलोक्सोन, असते. ते वॉर्डात आहे ना, हेही आधीच विचारून ठेवायला हरकत नाही. सोबतीणीने मोजणे हे सिस्टरच्या कामाला पर्याय नव्हे, पण दोन जास्तीचे डोळे कधी वाया जात नाहीत.

आणि अफूचे औषध मिळालेच नाही तर? तरीही रात्र सुसह्य करता येते. पॅरासिटॅमॉल आणि डायक्लोफिनॅकसारखी साधी औषधे घड्याळ लावून, ठरलेल्या अंतराने दिली तर पुष्कळ फरक पडतो. अडचण अशी की आपल्याकडे ती "दुखलं तर सांगा" या पद्धतीने दिली जातात. बाई सांगत नाही आणि सांगते तेव्हा वेदना इतकी चढलेली असते की गोळी पुरत नाही. टाके घालताना जखमेच्या कडांना बधिर करणारे औषध टोचणे हाही एक चांगला मार्ग आहे. डायक्लोफिनॅक प्रत्येकीला चालत नाही. दमा, मूत्रपिंडाचा त्रास, जास्त रक्तस्राव असेल तर डॉक्टर ते टाळतात, म्हणून घरून गोळी आणून देऊ नका.

सरकारी रुग्णालयात यासाठी खिशात हात घालायची गरज नाही. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसुद्धा मोफत आहे. औषधे मोफत, रक्त मोफत, सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवण मोफत, घरी सोडायची गाडी मोफत. वेदनेचे औषध हेही औषधच आहे, ते बाहेरून आणायची चिठ्ठी दिली तर कारण विचारा. त्या मोफत गाडीचा हक्क तर आवर्जून बजावा. पेणहून वडखळ, कासू, आमटेम करत येणारी रखडलेल्या महामार्गाची वाट किंवा रोह्याहून भिसे खिंडीतून येणारा रस्ता ताज्या टाक्यांनी रिक्षात बसून पार करणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी केले त्यांनाच विचारा. निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनेची गोळी मागून घ्यावी आणि पोटावर उशी किंवा दुमडलेली चादर घट्ट धरून बसावे. ही युक्ती मला एका जुन्या सिस्टरने सांगितली, आणि ती लागू पडते.

महिला मंडळांनी एक काम हाती घ्यावे असे मला वाटते. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे लेखी मागणी द्यावी: आमच्या तालुक्याच्या रुग्णालयाने अत्यावश्यक अमली औषधांसाठीची मान्यता घेतली आहे का, सिझरनंतरच्या वेदनेसाठी कोणती औषधे नियमित दिली जातात, आणि प्रसूती वॉर्डात रात्रपाळीला किती परिचारिका असतात? उत्तर लेखी मागा. समितीने टाळले तर माहितीच्या अधिकारात तोच अर्ज पुन्हा करता येतो. अर्जाची पोच जपून ठेवा आणि तिची एक प्रत विहारातल्या फाईलमध्ये लावा, म्हणजे पुढच्या वेळी जाणाऱ्या बाईला सगळे पहिल्यापासून विचारावे लागणार नाही.